गॅलरीतली उडी

३ नोव्हेंबर

चाळीस फोटो आले! आमच्या जुन्या कप्तानच्या गाडीतून दोन खोकी, आणि खोक्यांमागून ती स्वतः. माझ्या फ्रेमांच्या दुकानात शिरल्या शिरल्या हुकूम — "टाचणे, सगळ्या फ्रेमा एका मापाच्या, काळ्या. आणि एक जरी वाकडी लागली ना, तर तुझी खैर नाही." साठी आली तरी बाई अजून मॅचच खेळतेय.

कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल टीमला चाळीस वर्षं झाली. एकवीसला हॉलमध्ये जुन्या-नव्या सगळ्या जमणार. दर वर्षीचा एक, असे चाळीस फोटो भिंतीवर. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून गॅलरीत चढायचं नि उडी मारायची. मी म्हटलं, "सगळ्यांनी? शंभरजणी होतील गं." म्हणाली, "मग काय झालं? दाटीवाटीने उभं राहू."

४ नोव्हेंबर

पहिला फोटो पुसला आणि काम सोडून बघतच बसले.

त्या वर्षी आम्ही कप घेऊन आलो. मुलगे पहिल्याच फेरीत हरून आलेले. तरी फोटोसाठी कोर्ट सोडायला तयार नाहीत! खेळाचे सर म्हणाले, मुलांचा सराव चाललाय, बायकांनी वर गॅलरीत जाऊन काय तो फोटो काढा. कप्तान म्हणाली, "वर? बरं." आम्ही आठजणी वर गेलो. तिने एक-दोन-तीन म्हटलं आणि सगळ्यांनी एकदम अशी उडी हाणली की अख्खा हॉल दणाणला. खाली एकाच्या हातातून बॉल सुटला — त्याचं तोंड मला अजून आठवतं. फोटोत सगळ्या हवेत. मी सगळ्यांत बुटकी, म्हणून तर टाचणी, पण उडी सगळ्यांत उंच माझी!

तेव्हापासून जिंको की हरो, टीमचा फोटो गॅलरीतच, आणि उडी मारतानाच.

मुलांनी टाकून दिलेली जाळी मी दोऱ्याने सांधली होती. सराव कॅन्टीनमागच्या मातीत. हॉलमधलं कोर्ट मिळायला पुढे सहा वर्षं गेली. कप्तान शिकून तिथेच टीमची बाई झाली. लग्न केलं नाही. दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या बापाच्या दारात जाऊन बसायची, मुलगी मागायला — सून म्हणून नव्हे, नेटपाशी उभी करायला!

६ नोव्हेंबर

एक गोष्ट खटकतेय.

फोटो लांब टेबलावर ओळीने मांडले. फोटोग्राफर बदलत गेले, पण जागा तीच, गॅलरीसमोरच्या दारातून. गॅलरीमागच्या भिंतीवर एक हिरवा पट्टा आहे. पहिल्या फोटोत तो पूर्ण कठड्याआड. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून मुलींच्या मधून मधून जरासा डोकावतो. यंदाच्या फोटोत चांगला बोटभर दिसतो. दोन्ही टोकांना नाही — फक्त मध्ये.

ह्यांना दाखवलं. स्वतःच्या पोटावर हात फिरवत म्हणाले, "चाळीस वर्षांत मधून कोण सुटलं नाही?" हसले मी. मग हसू आपोआप थांबलं.

७ नोव्हेंबर

यंदाच्या फोटोवर पट्टी ठेवून पाहिलं. कठडा सरळ नाही. वाकडं ओळखणं हा तर माझा धंदाच.

९ नोव्हेंबर

हॉलवर गेले. भाची तिथेच होती, यंदा तीच टीमची कप्तान आहे. बॉल मागून घेतला आणि तिला घेऊन गॅलरीत चढले. जिन्याजवळ बॉल जमिनीवर ठेवला आणि हात काढला. थोडा वेळ जागेवर राहिला. मग निघाला, सावकाश, कुणी बोलावल्यासारखा, आणि मधोमध कठड्याला जाऊन टेकला. दुसऱ्या टोकाला ठेवला. पुन्हा तिथेच! भिंतीला लावून ठेवला. तरी मधोमधच.

भाची म्हणाली, "मावशी, जुनी फरशी आहे गं."

खाली आलो तर गॅलरीखाली कोर्टावर पांढरी भुकटी. म्हटलं हे काय? एक मुलगी केरसुणी घेऊनच उभी होती. "रोज असते, मावशी. आम्ही म्हणतो, गॅलरी पावडर लावते." सगळ्या खिदळल्या. मी चिमटीत घेऊन पाहिली — गिलाव्याचा चुरा.

१० नोव्हेंबर

कप्तानशी भांडण.

तिच्या घरी गेले, फोटो पुढे ठेवले, बॉलचं सांगितलं. म्हणाली, "कॅमेरा कुणी खाली धरला असेल, कुणी वर."

"मग टोकं कशी जागेवर राहिली? मधलंच कसं खाली गेलं?"

"टाचणे, तू फ्रेमा कर."

मी म्हटलं, खाली काढू या फोटो, या वेळेपुरता. तर एकदम उसळली. "त्यांनी वर पिटाळलं तेव्हा मुकाट गेलो आणि त्या जागेचं सोनं केलं. चाळीस वर्षं! आता खाली उतरा म्हणणारी तू? तू?"

चहा न घेताच आले. वाटेत वाटलं, खरंच माझंच डोकं फिरलंय का? मग तो बॉल डोळ्यांपुढे आला.

१२ नोव्हेंबर

कॉलेजच्या ऑफिसात. इमारतीचं बघणारा माणूस भला होता, माझ्याबरोबर वर आला. टाचेने दोनदा आपटून म्हणाला, "ताई, जुनं काम आहे. आताच्यासारखं नाही." मी बॉल ठेवून दाखवला. तो बॉलकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बघायला हवं. बोलावतो कुणाला तरी. कार्यक्रमानंतर."

कार्यक्रमानंतर!

प्राचार्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. पत्रिका गेल्यात, पाहुणे येणार, आणि कप्तानबाई म्हणतात तसं करायचं. बाई म्हणतात तसं — एके काळी ह्याच ऑफिसात तिला खुर्चीसुद्धा देत नसत. आज तिचा शब्द चालतो याचा मला आनंद व्हायला हवा होता.

१३ नोव्हेंबर

फ्रेमांना हात लावला नाही.

१६ नोव्हेंबर

लांबी आली. आमच्या टीममधली सगळ्यांत उंच, नेटवरून खाली बघायची! आता दोन्ही गुडघे बदललेत, काठी घेऊन चालते. बाकीच्याही उद्या-परवा येतील. सगळ्यांची सोय कॉलेजच्या पाहुणेघरात.

तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "मला तर जिनाच चढता येत नाही. मी काय उडी मारणार, कपाळ?" मग म्हणाली — "पण तिच्या बाजूनेही बघ. आपल्याला नवरे झाले, पोरं झाली, तुझं दुकान झालं. तिला त्या गॅलरीशिवाय काय आहे गं?"

खरं आहे. म्हणूनच जास्त भीती वाटते.

१८ नोव्हेंबर

मांडववाल्याने आज चार मोठे स्पीकर गॅलरीत चढवले. मध्यभागी, कठड्याला लागून. मी फ्रेमा लावत होते. त्याने आवाज तपासायला गाणं लावलं आणि खिळा धरलेल्या माझ्या बोटांना भिंत थरथरलेली कळली.

मग वरून गिलाव्याचा ढलपा पडला. तळहाताएवढा. नेटजवळ — भाची उभी राहते त्या जागेवर. ती पाणी प्यायला गेली होती म्हणून!

इमारतीवाल्याने येऊन पाहिलं. "गिलावा सुटतोच, जुना आहे." झाडून टाकलं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. हे कसं जमतं माणसांना?

संध्याकाळी भाची घरी आली. ओढणीच्या टोकात तो ढलपा बांधून आणलेला. टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, काय करायचं ते सांग."

२० नोव्हेंबर

केलं.

गॅलरीच्या जिन्याला खाली एक दार आहे, कधीच न लावलेलं. बाजारातून चांगलं दणकट कुलूप आणलं. भाचीने कड्या ओढून धरल्या, मी लावलं. किल्ली पाकिटात. टीमच्या मुलींना तिने सांगून ठेवलंय. सगळ्या तयार आहेत, एक सोडून — तिला वाटतं बाई कच्चं खातील.

मलाही तेच वाटतंय. चाळीस वर्षांची मैत्री उद्या मोडणार. मोडू दे. सगळ्या जिवंत राहून माझ्याशी अबोला धरू देत.

२१ नोव्हेंबर

आधी हे लिहिते — सगळं सुखरूप झालं!

आता क्रमाने. शंभराच्या वर बायका आल्या. कुणी नातवंडांना घेऊन, कुणी थेट ऑफिसातून. फोटोंच्या भिंतीपुढे नुसता कालवा. "ही मी!" "ही तू? ही कंबर तुझी?" एकही फ्रेम वाकडी नव्हती, बरं का. भाषणं झाली. मग कप्तान माइकवर म्हणाली, "चला गं, वर!"

सगळ्या जिन्याकडे. आणि दाराला कुलूप.

एका क्षणात तिला कळलं. एवढ्या गर्दीतून सरळ माझ्याकडे बघितलं. "किल्ली."

"देत नाही."

"टाचणे, सगळ्यांदेखत माझा अपमान करू नकोस."

"करते. उद्या शिव्या दे."

तेवढ्यात भाची पुढे आली. आवाज बारीक, पण स्पष्ट — "बाई, आम्ही वर चढणार नाही." तिच्यामागे बाकीच्या अकराजणी, ती घाबरणारीसुद्धा. कप्तानचं तोंड असं झालं की मला ते बघवेना. तिच्याच हाताखाली तयार झालेल्या मुली! ती जिन्याच्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली, दाराला पाठ लावून. एकदम म्हातारी दिसली.

मी तिच्यापुढे उकिडवी बसले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं ते असं — "त्यांनी आपल्याला वर पाठवलं, कारण कोर्ट त्यांचं होतं. आता कोर्ट कुणाचं आहे? सांग ना. आपल्या कोर्टावर आपण एकदाही उडीचा फोटो काढलेला नाही."

तिने कोर्टाकडे पाहिलं. मग हात पुढे केला. मी ओढून उठवली.

मी सगळ्यांना गॅलरीपासून लांब, पलीकडच्या अर्ध्या कोर्टात रेटलं. एक, दोन, तीन! शंभर बायकांनी उडी मारली. लांबीने काठी वर उडवली. जमीन हादरली असेल, पण जमीनच ती! मीही उडी मारली. गुडघा कुरकुरला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

नंतर कप्तानने माझे दोन्ही कान धरले. "जिंकलीस गं टाचणे." डोळे भरलेले. मी तेव्हा सेटर होते, बॉल उचलून द्यायचे, मारायची ती. आज पुन्हा तसंच झालं. निघताना म्हणाली, "किल्ली दे आता. हॉल उद्या ऑफिसच्या ताब्यात द्यायचाय, मी बघते." दिली. मिठी मारून दिली.

ह्यांनी घरी आल्यावर विचारलं, "मोडली का मैत्री?" मी म्हटलं, उलट! आणि रडले थोडी. सुखाने.

२२ नोव्हेंबर

सकाळी लांबीचा फोन.

आपापल्या गाड्या पकडायच्या आधी आमच्या पहिल्या टीममधल्या पाचजणी हॉलवर गेल्या. फक्त आपला एक फोटो, पहिला काढला तिथेच. मला कळवलं नाही. कप्तान म्हणाली म्हणे, तिला उठवू नका, ती पुन्हा कुलूप लावेल. हसत म्हणाली. लांबीला जिना चढता येत नाही, म्हणून ती मोबाईल घेऊन समोरच्या दारात उभी राहिली.

तिघींना ढिगाऱ्यातून बाहेर काढलंय. कप्तान अजून सापडत नाही.

फोटो निघालाय, लांबी म्हणते. सगळ्या हवेत आहेत.