मोठ्या बाबांचं सागवान

सोनझरी टोला, उकव्याजवळ
६ नोव्हेंबर २०२४

ती. शीला आत्यास,
पायावर डोकं ठेवून रूपालीचा सा. न. वि. वि.

तुझ्या अटीप्रमाणं मराठीतच लिहून राह्यली. शाळेत सगळं हिंदी, म्हणून चुका होतील, हसून घे. फोनवर तुले ऐकू येत नाही अन् मले तुझ्यावर ओरडाले आवडत नाही, तर पत्रच बरं.

मोठी खबर अशी का आम्ही बारावीच्या पोरापोरींनी शाळेत सुतारकामाचं वर्कबेंच बनवाचं ठरवलं. लांब, मजबूत, लाकूड पकडाले दोन्हीकडून शिकंजे. दिवसा आम्ही शिकू, संध्याकाळी टोल्यातले लोक वापरतील. मुखिया मले केलं. रविवारी शाळेच्या अंगणात बैठक घेतली तर इतके लोक आले का दऱ्या पुरल्या नाहीत. नथ्थूकाका म्हणाले का वखर दुरुस्त कराले उकव्याले जा लागते, ते वाचल. जिजाबाई म्हणाली का बाया बसून टोपल्या विणतील, एक टोक बुटकं ठेवा. त्यावर खूप भांडण झालं. शेवटी बुटकं टोक मंजूर!

मग लाकूड कुठून आणाचं, हे निघालं. तेव्हा मोठे बाबा, तुझे प्रेमलालदादा, मागून उठले अन् म्हणाले का माह्या वावराच्या धुऱ्यावरचं सागवान घ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या तर लाजून खिशात बिडी शोधू लागले. बाबा म्हणतात का मोठी आई गेल्यापासून त्यांचं असं तोंड पहिल्यांदा पाह्यलं.

फुफाजींची तब्येत कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी भाची,
रूपाली

तुमसर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रूपालीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. मुखियाबाई, तुमच्या बैठका चालू असताना घरचे भांडे कोण घासते, ते काही लिहिलं नाही! दादा लोकांपुढं उठून बोलला, हे मी तुझ्या फुफाजींले दोनदा वाचून दाखवलं. लहानपणी मास्तरांनी नाव पुकारलं तरी तो उभा राहत नव्हता. वहिनी गेल्यावर तर भिंतीसारखा झाला. तुम्ही पोरांनी त्याले माणसात आणलं, लय चांगलं केलं.

पण एक विचाराचं आहे. सागवान आपल्या वावरातलं असलं तरी तोडाआधी परवानगी लागते. काढली का? काढली नसन तर झाडाले हात लावू नका. दादा भोळा आहे, तुम्ही म्हणाल तसं करन. उत्तर लवकर टाक. फुफाजी खाटेवर पडले आहेत, नाही तर मीच आली असती.

लोभ आहेच, तो काय सांगाचा.

तुझी आत्या

सोनझरी टोला
२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा झाड पडलं होतं.

मोठे बाबा मले म्हणाले होते का आधी पटवारीले विचारू. शाळेचे मोठे सर म्हणाले का घरचं झाड आहे, कोण पुसते, वार्षिकोत्सवात पाहुण्यांले बेंच दाखवाचं आहे. अन् मी, आत्या, मी हसून म्हणाली का मोठे बाबा, तुम्ही किती भेता. त्याच दुपारी त्यांनी कुऱ्हाड काढली.

नथ्थूकाकाच्या बैलगाडीतून सागवानाचे लठ्ठे येऊन राह्यले होते. शाळेच्या फाटकापुढंच वनरक्षकांनी गाडी अडवली. लाकूड कोणाचं, कशाले तोडलं, विचारलं. मोठ्या सरांनी सांगतलं का शाळेले याची काही खबर नाही. बैठकीत टाळ्या वाजवणारे सगळे तिथंच होते. कोणी खाली पाहू लागलं, कोणी घरी निघून गेलं. मोठ्या बाबांनी माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता ते म्हणतील का हिनं तोडाले लावलं. ते म्हणाले का मी माह्या घराच्या दारासाठी तोडलं, या लेकरांचा काही संबंध नाही.

मी फाटक धरून उभीच राह्यली. जीपमध्ये बसवलं तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती. कोणी आणून दिली नाही. मी बी नाही.

जमानतीवर सुटून आले. लाकूड जप्त झालं, आता बैहरच्या कोर्टात तारखा. बाबा म्हणतात का तू बोललीस तर तुले बी ओढतील, बारावीचं वर्ष जाईल, चूप राह्य.

तू मले उत्तर लिहशील का?

रूपाली

तुमसर
१२ डिसेंबर २०२४

चि. रूपालीस,
आशीर्वाद आहेत. आज त्यापुढं काही लिहवत नाही.

वीरेंद्र तुझा बाप असला तरी माहा लहान भाऊ आहे, म्हणून सांगते का या वेळी त्याचं ऐकू नको. जा अन् खरं सांग. तुझ्या सांगण्यानं केस सुटल म्हणून नाही. दादाच्या बाजूनं कोणीतरी उभं राह्यलं, एवढं त्याले दिसलं पाह्यजे. मी त्याले पत्रावर पत्र टाकून राह्यली, एकाचं उत्तर नाही. तो जेवते का, तेवढं तरी कळव.

माया तुटली नाही. दुखून राह्यली.

आत्या

सोनझरी टोला
२८ जानेवारी २०२५

चि. सौ. शीलेस,
दादाचे आशीर्वाद.

तुझी सगळी पत्रं मिळाली. लिहाले बसत होतो अन् उठत होतो.

रूपाली वनखात्याच्या रेंज ऑफिसात गेलती, एकटी. सगळं सांगतलं तिनं. साहेब बरा माणूस, त्यानं पोरीले पाणी पाजलं अन् म्हणाला का तुझ्या मोठ्या बाबांनी बयानात कबूल केलं आहे, वावर त्यांचं, झाड त्यांचं, आता तुझ्या सांगण्यानं केस बदलत नाही. हे टोल्यात पसरलं. आता तिच्या संगतीची पोरं तिच्याशी बोलत नाहीत, घरचे बोलू देत नाहीत. वीरेंद्र म्हणते का दादामुळं माह्या पोरीचं नाव निघालं. तो माह्या दारापुढून जाते तर मान वळवून जाते. शाळेत पुन्हा बैठक झाली नाही.

मले आता लकडचोर म्हणतात. खदानीत उमर गेली, एक खिळा कधी घरी आणला नाही. झाड गेल्याचं दुःख नाही. ते टाळ्या वाजवत होते ते मले खरं वाटलं, त्याची लाज वाटते.

आजवर तुले काही मागतलं नाही. तुमच्या पडवीत एका खाटेची जागा असन तर येऊ का? तारखेले तिथून बैहरले जात जाईन. जवाईबापूंले विचारून लिही. ते नाही म्हणाले तर राग नाही.

रूपाली रोज शाळा सुटली का दारापुढं येऊन उभी राह्यते, हाक मारते. मी आतून कडी लावून बसतो. तिले वाटते का मी रागात आहो. राग नाही, शीले. तिचा आवाज आला का मले रडू फुटते, अन् तिनं ते पाह्यलं तर ती सोताले कधी माफ करणार नाही. आज तिनं हाक बी मारली नाही. ओट्यावर नुसती बसून होती. दाराच्या या बाजूनं मी बसून होतो.

लोभ कधी मागून घेतला नाही, आता मागतो.

तुझा दादा,
प्रेमलाल