गाडीत मग्न

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. फोनवर माझी गाडी अडते हे तुला माहीत आहे. पलीकडचा माणूस गप्प झाला म्हणजे आता माझी बोलायची पाळी आली की तो नुसता श्वास घेतोय, हे मला अजून ओळखता येत नाही. पत्रात कुणी मधे बोलत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी खुशाली. ऑफिसात आमची खोली बदलली. नव्या खोलीतली ट्यूबलाइट सतत गुणगुणायची, एखादा डास कानात संसार थाटून बसावा तशी. मी साहेबांना सांगितलं. ते वर बघत म्हणाले, "मला तर काहीच ऐकू येत नाही बुवा." पण दुसऱ्या दिवशी दिवा बदलून घेतला. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अगं, माझं डोकं दुखायचं थांबलं की! मला वाटलं, नवऱ्यामुळे दुखतंय." यावर सगळे हसले. मला विनोद जरा उशिरा कळला, पण मीही हसले. साहेबही आताशा सुधारलेत. पूर्वी "दोन मिनिटांत येतो" म्हणून जायचे आणि मी घड्याळाकडे बघत बसायची. आता "जेवणानंतर येतो" म्हणतात, आणि येतात.

तू नेहमी विचारतोस की गाड्यांचं वेळापत्रक करायचं म्हणजे नक्की काय करायचं. आम्ही रेघा काढतो. खाली आडवी वेळ, बाजूला उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. जलद गाडीची रेघ ताठ चढते, मालगाडीची आळशासारखी लोळते. एकेरी मार्गावर दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे स्टेशन हवंच, म्हणजे एक गाडी बाजूला उभी राहील आणि दुसरी निघून जाईल. स्टेशन नसलं तर रेघ सरकवायची. कुणी कुणावर आदळू नये आणि कुणी उगाच खोळंबू नये, एवढंच दिवसभर बघायचं. संध्याकाळी घरी येते तेव्हा पोटभर जेवल्यासारखं वाटतं. आईला काळजी होती की हिचं पुढे कसं होणार. असं झालं. वाईट नाही झालं.

परवा रुळांवरच्या त्या जुन्या लोखंडी पुलावर गेले होते. डागडुजी करून त्याला हिरवा रंग दिलाय. लहानपणी घरी पाहुणे आले, भांडी आपटली, कुकरची शिट्टी झाली की मी कान झाकून टेबलाखाली जायची, आणि तू मला खांद्यावर टाकून तिथे न्यायचास. तुझे मित्र खाली मैदानात खेळत असायचे. तू कधी "चल आता, पुरे" म्हणाल्याचं मला आठवत नाही. पुलावर मी कानांवरचे हात काढायची. गाडीचा आवाज त्या सगळ्या आवाजांपेक्षा मोठा, तरी तो मला चालायचा. का, ते आता सांगता येतं. तो आवाज लांबून सांगून यायचा. आधी रूळ कुजबुजायचे, मग पूल थरथरायचा, मग गाडी यायची, आणि शेवटचा डबा गेला की आवाज संपायचा. कुकर कुठे असं सांगून येतो? आणि माणसं तर मुळीच नाहीत. आईचा चेहरा हसताहसता रडका व्हायचा आणि मी काय केलं ते मला कळायचं नाही. गाडीचा चेहरा एकच. जिथे जाणार ते तिच्यावर लिहिलेलं. माझ्या डोळ्यांत बघ, असं ती कधी म्हणाली नाही.

मी पहिल्यांदा बोलले ते तिथेच. पाच वर्षांची घोडी झाले तरी तोंडातून शब्द नाही, म्हणून आई जो भेटेल त्याला उपाय विचारायची. त्या दिवशी संध्याकाळची लांबची गाडी आलीच नाही. मी रुळांकडे बघत म्हणाले, "आली नाही." तू मला तसंच उचललंस आणि घरापर्यंत धावत सुटलास. आईला म्हणालास, "ही बोलली! बोलली!" आई ओट्यापाशी रडायला लागली, आणि बाबा मला पुन्हापुन्हा विचारायला लागले, "काय आली नाही, बाळा? काय आली नाही?" मला मात्र आश्चर्य वाटलं की एवढी मोठी गाडी आली नाही आणि याचं कुणालाच काही नाही.

मग शाळेत असताना मी एकटीच गाडीत चढून शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले होते, ते आठवतंय ना? तुम्ही सगळ्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. माझ्या मते मी हरवलेच नव्हते. गाडी जाते तिथे गेले आणि ती फिरली तेव्हा तिच्यातूनच परत आले. गार्डने मला जवळ बसवून विचारलं होतं, "घाबरली नाहीस?" मी म्हणाले, "तुम्ही घाबरलात का?" दारात आईने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "जीव भांड्यात पडला गं बाई!" मी सुटून स्वयंपाकघरात गेले आणि एकेक भांडं उघडून बघायला लागले. बाबांनी कपाळावर हात मारला. तू मात्र माझ्यामागून आलास आणि अगदी गंभीर चेहऱ्याने झाकणं उचलायला लागलास. "यात नाही," म्हणालास. "यातही नाही." मग मला म्हण म्हणजे काय ते समजावलंस. तेव्हापासून मी म्हणी गोळा करते. त्या खोट्या असतात, पण कुणाला फसवत नाहीत.

मागच्या वर्षी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले ते तुला माहीत आहे. त्यांनी ऑटिझम म्हटलं, मराठीत स्वमग्नता. शब्द मला पटला नाही. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेली. मी तर गाडीत बुडालेली होते, स्वतःकडे बघायला वेळ कुठे होता? त्या हसल्या. म्हणाल्या की त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांना गाड्यांचं वेड असतं, पण सगळ्यांना नाही. कुणाला पंख्यांचं, कुणाला नकाशांचं, आणि कुणाला कशाचंच नाही. मी विचारलं, "पण गाड्याच का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी लिहून घेते." मग मी बराच वेळ बोलले. बाहेर पडले तेव्हा हलकं वाटत होतं. नवीन काही झालं नव्हतं. जे होतं त्याला फक्त स्टेशनाच्या पाटीसारखं नाव मिळालं होतं.

आता हे सगळं आजच का, ते सांगते. काल वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, "ह्यांना तूच काहीतरी सांग गं, पण मी सांगितलं असं सांगू नकोस." मला लपवता येत नाही हे तिला माहीत आहे, तरी तिने मलाच सांगितलं, म्हणजे तुला कळावं असंच तिला वाटत असणार. तुझ्या चिमणीच्या डॉक्टरांनीही तोच शब्द म्हटला ना? आणि कुणीतरी सांगितलं की पोरीचा लिफ्टचा नाद मोडायला हवा, म्हणून तू तिला मागच्या जिन्याने वर नेतोस, ती किंचाळते, आणि मग तू भिंतीकडे तोंड करून बसतोस. दादा, नाद मोडू नकोस. तिला लिफ्टसमोर उभं राहू दे, आकडे उजळताना बघू दे. तू नुसता जवळ राहा. हे कसं करायचं ते तुझ्याइतकं चांगलं कुणाला येत असेल असं मला वाटत नाही. तुला फक्त कधी कुणी सांगितलं नव्हतं की ते तू माझ्यासाठी केलंस. रविवारी मी येतेय. मला बंद खोक्यात कोंडून वर जायची भीती वाटते, म्हणून तुझ्याकडे आजवर मी जिनाच चढत आले. या वेळी लिफ्टने येईन. चिमणीला सांगून ठेव की आत्या घाबरते, तिला खाली घ्यायला ये.

तुझीच,
धाकटी