देव्हाऱ्यातला पारा

१७ जाने. १९८३, सोमवार
वसंताने कारखान्यातून औषधाच्या बाटलीत पारा आणला. मिठाच्या पाण्यातून कॉस्टिक सोडा काढायला त्यांना लागतो म्हणे. एवढीशी बाटली, पण हातात घेतली नि मनगट खाली गेलं. ताटलीत ओतला. फुटला की शंभर चंद्र, टेकवले की पुन्हा एकच. वर्गात कविता शिकवताना हे दाखवायला मिळतं तर...
ही म्हणाली, शंकराचं तेज आहे, असं उघड्यावर ठेवू नये. काचेच्या वाटीत घालून देव्हाऱ्यात ठेवला, समईशेजारी. पूजा सूनबाईकडे. सुमनला चौथा महिना, कृपा राहील.

८ फेब्रु.
सुमनची अंगठी पांढरी पडली. सोन्याची, माहेरची. ही म्हणते, देवाने चांदी केली. पोरीचे हात हल्ली थरथरतात, चहा बशीत सांडतो. अशक्तपणा असेल.

११ फेब्रु.
सोनार हसला. पारा सोनं खातो, म्हणाला. वसंताने कारखान्याच्या डॉक्टरांना विचारलं, ते हसले नाहीत. म्हणाले, आजच्या आज घरातून काढा. पारा तसाही हवेत उडतो, समईच्या उबेने जास्त. वास नाही, रंग नाही. श्वासातून रक्तात, रक्तातून बाळापर्यंत.
उदबत्तीचा धूर दिसत होता, हा दिसला नाही. केवढं सूक्ष्म! भीती वाटते, तरी डोळे दिपतातच.
हिचं आपलं, देवाचं आहे, खाडीत विसर्जन करू. वसंता हळूच म्हणाला, "आई, आमच्या कारखान्याचा नाला रोज तेच करतो."
बाटली घट्ट बंद करून परत घेऊन गेला.

२० फेब्रु.
सुमनचा हात जरा स्थिर. बाळाचं डॉ. काही सांगत नाहीत.
वसंताला विचारलं, खाडीतून पारा पुढे कुठे जातो? "कुठेच नाही, बाबा." गाळात बसतो. गाळातले किडे, मग बारके मासे, मग मोठे. दर तोंडागणिक आणखी साठत जातो. पोरं एकेक ओळ वाढवत कविता म्हणायची, तसं. नि ही कविता संपते कुठे...

२७ फेब्रु.
सुमनची आई ऐरोलीहून आली, डोक्यावर पाटी. आत भलाथोरला जिताडा. "पोरीला डोहाले लागलं, म्हनून आनलाय. ताजा हाय."
कुठला, विचारलं.
"आपल्या खाडीतला, आनखी कुठला? मासा बघून तोंड असं का केलं, मास्तर? बामन झालाव का?"
सुमन हसली. कितीतरी दिवसांनी.
वसंता पाळीवर. आत तवा चुरचुरतोय, ताट मांडलंय. उठायला हवं. पण सुमनला सांगू काय, हे खाऊ नको, की माहेरच्या खाडीतलं आता काहीच खाऊ नको...