डायलखालची माती

उदगीर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. जेवणखाण वेळेवर होतं. उमाच्या गुडघ्याला सध्या आराम आहे. अंगणातल्या लिंबाला यंदा इतकी फळं आली की शेजारीपाजारी वाटून झाली. तुझी शाळा कशी चाललीय? नांदेडात ऊन आतापासूनच लागत असेल. बाटली जवळ ठेवत जा.

तू पाठवलेलं मिहिरचं घड्याळ दिवाळीत मिळालं. पोचल्याचं फोनवर सांगितलं आणि लगेच फोन ठेवला. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस, 'बाबा, मला ते ठेवताही येत नाही आणि टाकताही येत नाही.' आमचंही तसंच झालं. बरेच दिवस ते टीव्हीशेजारी पडून होतं. उमा तेवढी जागा सोडून फडकं मारायची.

शेवटी मी ते बाजारात विरूपाक्षकडं नेलं. त्याच्या दुकानात आता भिंतीवरची घड्याळं आणि सेल एवढंच चालतं, पण जुना माणूस आहे. त्यानं मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि झाकण परत बसवलं.

"गुरुजी, आत सगळा गंज हाय. चावीच्या घड्याळाचं सामान आता मिळत न्हाई. आठवण म्हणून ठेवा."

"मी उघडून बघू का?"

"बघा की. आता बिघडायचं काय राहिलंय त्यात?"

त्यानं एक जुनं भिंग, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि चिमटा दिला. बाकीचं मी मोबाईलवर बघून शिकलो. मुलांना आयुष्यभर भूगोल शिकवला, घड्याळातलं मला काही कळत नव्हतं. माझ्या वडिलांनी मॅट्रिकच्या वर्षी ते मला घेऊन दिलं, मी मिहिरला दिलं. आम्ही दोघांनी चावी देण्यापलीकडं त्याला कधी हात लावला नव्हता.

आधी स्प्रिंगचा ताण सोडायचा, नाहीतर ती उसळते. मग काटे, मग डायल, मग एकेक चाक. भाग मिसळू नयेत म्हणून मी ते इडलीच्या साच्यात ओळीनं ठेवत गेलो. उमा म्हणाली, "इडल्या कशात करू?" मी म्हटलं, "पोहे कर." पुष्कळ दिवस पोहेच झाले.

डायल काढली तेव्हा खाली माती होती. वाळून पिवळट झालेली, पिठासारखी मऊ. मी ती कागदावर झटकली. चिमूटभरही नव्हती. मिहिरच्या नोकरीच्या भागात, इस्लापूरकडं, माती काळी की तांबडी, हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल. तिथल्या पुलावरून पाणी वाहत असताना मिहिरनं गाडी घातली आणि तिसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा घड्याळ हातात होतं, एवढंच मला माहीत होतं. आत माती गेली असेल हे कधी मनात आलं नव्हतं. मी हात धुवायला उठलो. परत येईपर्यंत उमानं केर समजून कागद चुरगाळून टाकलेला. त्यात काय होतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

पुढं मी नुसतं काम करत राहिलो. चाकं पेट्रोलमध्ये बुडवून धुतली. चाकांची टोकं ज्यात फिरतात त्या बारीक दगडांची भोकं दातकोरणीचं टोक तासून साफ केली. सुईच्या टोकावर येईल तेवढंच तेल घातलं. एकदा एक स्क्रू चिमट्यातून उडाला. मी जमिनीवर बसून शोधायला लागलो. उमानं पाहिलं आणि गुडघा धरत तीही खाली बसली. आम्ही दोघं तळहातानं फरशी चाचपत होतो. तिलाच सापडला, पलंगाच्या पायाशी. मिहिर गेल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम ते असावं.

बॅलन्सची, म्हणजे मागंपुढं झुलणाऱ्या चाकाची, केसासारखी स्प्रिंग मात्र गंजून तुटली होती. विरूपाक्षच्या डब्यात तसल्याच एका बंद घड्याळाचा बॅलन्स चांगला निघाला. तो बसवला. परवा दुपारी चावी दिली आणि घड्याळ चालायला लागलं.

मला वाटलं होतं, तेव्हा काहीतरी होईल. रडू येईल, नाहीतर बरं वाटेल. काही झालं नाही. मी ते टेबलावर ठेवून बघत बसलो. तेवढ्यात उमा आत आली. घड्याळ कानाला लावून उभी राहिली. मग एकदम म्हणाली,

"विशाखा कशी हाय?"

तुला माहीत आहे, तेराव्यापासून तिनं तुझं नाव घेतलं नव्हतं.

"बरी असेल," मी म्हटलं.

"तिनं त्या पोराला न्हाई म्हटलं ना? आपल्यापायी?"

म्हणजे तिनं ऐकलं होतं. संक्रांतीला तुझ्या दादाचा फोन आला होता. तुझ्या शाळेतल्या महांतेश सरांनी तुला विचारलं, माणूस चांगला आहे, पण तू 'उदगीरच्या आईबाबांना काय वाटेल' म्हणून नकार दिलास, असं तो म्हणाला. मी ते उमाला सांगितलं तेव्हा ती चपात्या लाटत होती. लाटतच राहिली. मला वाटलं, तिला पटलेलं नाही. म्हणून मीही तुला लिहिलं नाही.

परवा ती बराच वेळ बोलली. सगळं मला लिहिता येणार नाही. जे लिही म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो : "तिला म्हणावं, तेराव्याला मी बोलले, तुझ्याकडंच यायला निघाला होता म्हणून. ते मनातून काढून टाक. तो दर शनिवारी निघायचा. बायकोकडं जाणारच की. पाऊस पडला त्यात तिचा काय कसूर?"

विशाखा, मला सुचतं ते सरळ लिहितो. महांतेश सर तुला आवडत असतील तर हो म्हण. आवडत नसतील तर नको म्हण. पण आमच्याकडं बघून नको म्हणू नकोस. मिहिरला जाऊन दीड वर्ष झालं. आम्हाला रोज उठायचं आणि झोपायचं एवढंच उरलंय, ते आम्ही करतो. तुला त्याहून जास्त करायचं आहे.

घड्याळ इथंच राहू दे. ते थोडं मागं पडतं, पालथं ठेवलं की थांबतं. तुला आता ते ठेवायचंही नाही आणि टाकायचंही नाही. सकाळी चावी द्यायचं काम उमानं घेतलंय.

लग्न ठरलं तर नांदेडला करा की देगलूरला तुझ्या माहेरी, आम्ही येऊ. आम्हाला बोलवावं की नाही, कुठं बसवावं, याचा तुझे घरचे विचार करत बसतील. त्यांना सांग, जागा आम्ही ठरवली आहे. अक्षता टाकताना आम्ही तुझ्या आईवडिलांच्या शेजारी उभे राहू.

उत्तर सवडीनं लिही.

मुलीकडचे,
बाबा आणि आई