तुलना गटातला माणूस

३ ऑगस्ट
आजपासून रोजनिशी. कारण शास्त्रीय आहे. पुण्याहून म्हातारपणावर संशोधन करणारी मंडळी गावात आली आहेत. साठीपुढच्यांची तपासणी, झेडपी शाळेच्या व्हरांड्यात. मी गेलो ते केवळ सहकार्य म्हणून. रुपाली मॅडम म्हणून एक मुलगी आहे, बोलायला नम्र. तिने एक यंत्र मुठीत दाबायला दिलं, रक्त घेतलं, मग व्हरांड्यातून चालायला लावलं. मी मुद्दाम झपाझप चाललो. ती म्हणाली, काका, रोज चालता तसं चाला. म्हटलं, हे रोजचंच.
नंतर पायरीवर बराच वेळ बसलो. दम लागला म्हणून नाही. वारा छान होता.
मॅडमकडून कळलं: माणसाला दोन वयं असतात. एक दाखल्यावरचं, एक शरीराचं. दाखल्यावर मी त्रेसष्ट. शरीराचं पन्नाशीच्या आसपास निघावं. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाईम ऑफिसात खुर्चीवर झाली. शरीर वापरलंच कुठं?

८ ऑगस्ट
चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीनदा व्यायाम आणि आहाराचं मार्गदर्शन. त्यात आमची सौ. सत्यशीला. बिचारी. तिचे गुडघे धरलेले असतात, तिला गरजच होती.
मी तुलना गटात. मॅडम म्हणाली, तुम्ही नेहमीसारखं राहायचं, डिसेंबरात पुन्हा मोजू. म्हणजे ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची ती माणसं. नमुना. चिठ्ठ्या वगैरे लोकांना वाईट वाटू नये म्हणून असणार.
माझा शाळेपासूनचा मित्र गहिनीनाथ, तोही तुलना गटात. हे मात्र चुकून झालं असावं.

९ ऑगस्ट, पहाटे
नीट विचार केला. ‘नेहमीसारखं राहा’ याचा अर्थ, नेहमी आहात तसे उत्तम राहा. नमुनाच कच्चा निघाला तर संशोधनाचं काय? जबाबदारी मोठी आहे. मोबाईलवर वाचन सुरू.

१२ ऑगस्ट
ठराव: संध्याकाळी पाचला जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी दहापर्यंत काही नाही. पोट रिकामं राहिलं की पेशी आपापली साफसफाई करतात असं वाचलं. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, पाचला मी शाळेच्या मैदानावर आसते, भाकरी कोन थापील? मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे. सकाळची भाकरी पाचला खाल्ली. वातड होती. दात अजून मजबूत असल्याचा पुरावा.

१३ ऑगस्ट
सकाळी साडेआठला टपरीवर गहिनीनाथ भेटला. त्याने कांदाभजी मागवली. माणसाचा मान राखायचा म्हणून चार खाल्ली. पेशींची साफसफाई तोवर झालेली असणार.

२६ ऑगस्ट
उंदरांना एक औषध दिलं आणि ते जास्त जगले, असं वाचलं. नाव उतरवून घेतलं, बसने कोपरगावला गेलो, मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली. दुकानदार चिठ्ठीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, हे किडनी बदललेल्यांना देतात, तुमची बदललीय का? म्हटलं, नाही, पण मला जास्त जगायचं आहे. त्याने बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप दिली.
येताना बसमध्ये एका पोराने उठून जागा दिली. नाकारली. मग बसलो. पोराला वाईट वाटलं असतं.

१० सप्टेंबर
वय वाढलं की स्नायू झिजतात. उपाय, वजन उचलणे. तेलाचा रिकामा डबा पाण्याने भरला. पहिल्या झटक्यात उचलला. दुसऱ्या झटक्यात कमरेत उसण भरली.

११ सप्टेंबर
पडून आहे. विश्रांती हासुद्धा वजन उचलण्याचाच भाग आहे, असं सगळे लेख सांगतात.
सौ.ने बाम लावून दिला आणि मैदानावर गेली. मी घरी, ती बाहेर. येताना चार बायकांचं हसणं गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होतं. विचारलं, संशोधनात हसण्यासारखं काय आहे? म्हणाली, राहीबाईचा तोल गेला आन् ती मॅडमच्याच गळ्यात पडली. पुन्हा हसली. मला हे फारसं शास्त्रीय वाटलं नाही.

२ ऑक्टोबर
वजन कमी झालं आहे. पँट पट्ट्याशिवाय राहत नाही. याला मी यश समजतो. सौ. म्हणाली, गालफडं बसली तुमची. तिला आहारशास्त्रातलं काही कळत नाही. फक्त आठवड्यातून तीनदा शिकवतात.
अंगात थोडी कणकण असते. दुपारी डोळा लागतो तो संध्याकाळी उघडतो. झोपही महत्त्वाची.

१९ ऑक्टोबर
सौ. गव्हाचं अर्धं पोतं ओढत माजघरातून ओट्यापर्यंत घेऊन आली. मला हाक मारली नाही. पूर्वी मारायची. मारली असती तर मी आलो असतो, कमरेचं बघून.

२८ ऑक्टोबर
धनश्रीचा पुण्याहून फोन. लेकीने आधी आईशी अर्धा तास गप्पा मारल्या. विषय गुडघे. दुखणं कमी झालं म्हणे. मग मला विचारलं, बाबा, आवाज असा का येतोय? म्हटलं, रेंज नाही. ती म्हणाली, एवढं सगळं का करताय? म्हटलं, विज्ञानासाठी.
आमचे वडील चौसष्टाव्या वर्षी गेले. सकाळी विहिरीवर गेले, दुपारी गेले. याचा त्याच्याशी संबंध नाही. सहज लिहून ठेवलं.

९ नोव्हेंबर
थंडी पडली. गाळप सुरू झालं, हवेला मळीचा वास. थंड पाण्याच्या अंघोळीने शरीर सावध होतं असं वाचलं. टाकीचं पाणी थेट डोक्यावर घेतलं. शरीर फारच सावध झालं. शेजारी धावत आले.

१२ नोव्हेंबर
खोकला. ताप. सौ.ने हळद घालून दूध दिलं. रात्री आठला. नियम मोडला, पण दूध हे पेय आहे.

२१ नोव्हेंबर
एका पायावर उभं राहता येतं की नाही, यावरून पुढचं पुष्कळ कळतं असं शास्त्रज्ञ म्हणतात. दाढी करताना सराव केला तर वेगळा वेळ जात नाही. आज उजव्या पायावर उभा राहिलो. आरसा हलला. म्हणजे मी हललो.
बाकीचं डाव्या हाताने लिहितो आहे. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने थोडक्यात निभावलं. ‘वयाच्या मानाने’ हे शब्द अनावश्यक होते.

२२ नोव्हेंबर
सौ.ने शर्टाची बटणं लावून दिली. भाकरी कुस्करून दिली. मग मैदानावर गेली. आज तरी राहील असं वाटलं होतं. राहा, असं मी म्हणालो नाही. तिने विचारलंही होतं, थांबू का? म्हटलं, माझं काय, मी ठणठणीत आहे.
घर शांत होतं. घड्याळ बघत बसलो. दमलो बघून बघून.

८ डिसेंबर
अखेर फेरतपासणी. गहिनीनाथ माझ्या पुढे होता. मॅडमने विचारलं, आहारात, व्यायामात काही बदल? तो म्हणाला, काय बदल? उसाला पानी, गाईला चारा, टपरीवर चा, झोप. लई झालं. मॅडमचा चेहरा उजळला. म्हणाली, काका, तुमच्यासारखी माणसं मिळाली तर आमचं काम सोपं होतं. मला कौतुक कशाचं ते समजेना.
मग माझी पाळी. मी सविस्तर सांगितलं. उपास, डबा, थंड पाणी, बी-कॉम्प्लेक्स, एक पाय. सुरुवातीला ती लिहीत होती. मग पेन खाली ठेवलं. यंत्र डाव्या हाताने दाबलं. व्हरांड्यातून चाललो. ह्या वेळी चाल रोजचीच होती.
ती हळू आवाजात म्हणाली, काका, तुलना गट म्हणजे ज्यांनी काहीच करायचं नाही. व्यायाम केलेल्यांना फरक पडला की नुसते दिवस गेल्याने पडला, ते तुमच्यावरून कळणार होतं. म्हटलं, म्हणजे मी नमुना नव्हतो? ती म्हणाली, होता ना. पण जसे होता तसेच हवे होता.
माझे आकडे धरायचे की वगळायचे, ते ती पुण्याला विचारून सांगणार आहे. मी विचारलं, शरीराचं वय किती निघालं? म्हणाली, एकेकट्याचं आम्ही सांगत नाही. आणि मग, काका, घरी जाऊन जेवा आधी.
गहिनीनाथ बाहेर थांबला होता. त्याने माझी पिशवी घेतली. दिली मी.

८ डिसेंबर, संध्याकाळ
सौ.ला सांगितलं. वाटलं ती हसेल. आजकाल हसतेच. ती हसली नाही. तांदूळ निवडत होती, ते ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, मामंजी गेले त्या वर्सात तुमी शिरताय, मला काय ठावं न्हाई व्हय? म्हटलं, त्याचा संबंध नाही. ती म्हणाली, बरं, न्हाई तर न्हाई. पन दमलाय तर दमलो म्हना. घरात दोघंच हाय आपन, कुनाला दाखवायचंय?
मी म्हटलं, थोडा दमलोय.
तिने पिठलं टाकलं. गरम भाकरी. सातला जेवलो. दोन खाल्ल्या. अडीच.

१६ डिसेंबर
मॅडमचा फोन. आकडे वगळले. ‘सूचनांचं पालन झालं नाही’ असं कारण लिहावं लागलं, वाईट वाटून घेऊ नका म्हणाली. घेतलं नाही. दिवसभर अंथरुणात होतो, पण ते थंडीमुळे.

४ जानेवारी
प्लास्टर निघालं. हात बारीक दिसतो, दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा. आज वाचन केलं नाही. लेख आले होते मोबाईलवर. किड्यांवर काहीतरी होतं.

१२ जानेवारी
नवी बातमी. आता तुलना गटालाही व्यायाम शिकवणार, असं पहिल्यापासून ठरलेलंच होतं. मॅडम पुण्याला परत गेली. शिकवायला गावातलीच एक बाई तयार केली आहे. कोण, ते गहिनीनाथला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. ती माझ्या शेजारी बसून भाजी चिरत होती. विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, तुमी रुसला असता. मी रुसणारा माणूस नाही. जाणार नाही, असं ठरवलं.

१३ जानेवारी
गेलो. केवळ बघायला.
मैदानावर प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या. सौ.ने पदर कमरेला खोचलेला, पायात धनश्रीचे जुने बूट. सगळ्यांना बसायला सांगितलं, मलाही. मी कोणी ओळखीचा नसल्यासारखं. मग म्हणाली, हात छातीवर धरा, आन् खुर्चीवरनं नुसतं उठा. बसा. पुन्हा उठा. गहिनीनाथ उठला. पलीकडचे लंगडणारे बिभीषण तात्या उठले.
मी जोर लावला. शरीर वर आलं नाही. पुन्हा लावला. मांड्या थरथरल्या आणि मी होतो तिथेच. मला वाटलं, आता सगळे बघतील. कोणी बघत नव्हतं, प्रत्येकाला आपापलं पडलं होतं.
सौ. ओळीतून चालत आली. माझ्यापाशी थांबली नाही. पुढे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ज्यांना उठवत न्हाई त्यांनी खुर्चीला हात टेकले तरी चालतंय. त्यात लाजायसारखं काय न्हाई.
मी हात टेकले.