हिरडा गालात असेपर्यंत

हुबळी, १२ डिसेंबर १९९७

आईस, तुझ्या प्रसेनचा जयभीम.

लिहितो लिहितो म्हणत तीन महिने घालवले, रागावू नकोस. गॅरेजात काम मिळालंय, मालक आपल्या मूळ गावचे, नेसरीचेच आहेत. गोव्याला निघालेला मी इथं कसा, ते भेटल्यावर सांगतो.

पोट जरा धरतं, पण तू पिशवीत घातलेले बाळहिरडे आहेत की! काल तुझ्यासारखे एरंडेलात तळायला गेलो, तर फुगायच्या आतच कोळसा झाला. वासानं आपली चूल आठवली, आणि आबा. जेवल्यावर हिरडा गालात धरून उंबऱ्यावर बसायचे. तो संपेपर्यंत बोलायचे नाहीत, म्हणून मी आणि प्रिया तेव्हाच विचारायचो, पिक्चरला जाऊ का, कळंब्याच्या तळ्यावर पोहायला जाऊ का. नुसती होकाराची मान हलायची.

घर सोडताना मात्र मी विचारलंच नाही. अजून रागात आहेत का? इथला पत्ता प्रियाला फोनवर सांगितलाय, पण त्यांना...

थांब, मालक ओरडतायत, "प्रसेन, पावणं आल्यात बघ तुझं!"

आई, दारात आबा उभे आहेत. काहीच बोलेनात. गाल फुगलेला दिसतोय. हिरडा संपायच्या आत विचारून घेतो, घरी येऊ का म्हणून.

तुझा,
प्रसेन