चौथी मोटर

धानोरा. मंगळवार, संध्याकाळी.

उद्या ड्रोन पहिल्यांदा उडवायचं ठरलं होतं. बाया मोहफुलं वेचायले जाण्याआधी वरून पाहून घ्यायचं, झाडाखाली वाघ तर नाई ना. एवढ्यासाठीच चार महिने हे जोडत बसलो. मागच्या मोहाच्या दिवसांत दादाले वाघानं नेलं, मी हाकेच्या अंतरावर असताना.

आज पंखे काढून एकेक मोटर तपासली. बॅटरी लावली की मोटर तीनदा बीप करते, म्हणजे ती तयार. तीन मोटरी तयार झाल्या. चौथी दोनदाच वाजली अन् गप्प. वायर पुन्हा सोल्डर केली. पुन्हा दोनदाच. मरो ती मोटर.

आईनं लहानपणापासून शिकवलं की जंगलात तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाई, चकवा ओळखीच्या माणसाचा आवाज काढून दोनदाच बोलावते. त्या दिवशी दादानं मले दोनदा हाक मारली. आवाज त्याचाच आहे हे कळलं नव्हतं का मले? कळलं होतं. तरी टोपली धरून तिसऱ्या हाकेची वाट पाहत उभा राह्यलो. हे आईले अजून सांगितलं नाई. कसं सांगू?

पुन्हा बॅटरी लावली. पुन्हा दोनदाच. अन् माझ्या तोंडून एकदम निघालं, "ओ!"

आई चुलीपाशी तांदूळ निवडून राह्यली होती. मान वर न करताच म्हणाली, "काऊन ओ देली रे? अजून दोनदाच तर वाजलं."